स्थितप्रज्ञाची विक्री

एका पेठेच्या गावी एकदा एक मंजनवाला राहत असे. त्याचे नाव लिंगाप्पा. बाभळीची साल, सैंधव, लवंग आणि बदामाच्या टरफलांचा कोळसा यांचे काळे दंतमंजन तो विकी. कृती वडिलांची होती, कुटण्याचे काम बायको नीलाबाई करी, आणि गादीवर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहण्याचे काम लिंगाप्पाकडे होते.

मंजन गुणाचे होते यात शंका नाही. हिरड्यांतून येणारे रक्त ते थांबवी, हलू लागलेल्या दाताला धीर देई. मात्र ते लावताना माणसाचा चेहरा असा काही वाकडा होई की घरातली लहान मुले घाबरत. डोळ्यांत पाणी येई, कानशिले तापत, आणि नंतर बराच वेळ तो माणूस हसला की समोरच्याला अमावास्येचे दर्शन होई. वडिलांच्या काळी याबद्दल कोणी तक्रार केली नाही, कारण पेठेत दुसरे मंजनच नव्हते.

मग समोरच एक नवे दुकान उघडले. तिथे गुलाबी मंजन मिळू लागले. गुलाबाचा वास, साखरेची गोडी, आणि डबीवर मोराचे चित्र. मुले ते दातांना न लावता चाटून खात आणि आयांकडे आणखी मागत. नव्या नवऱ्या माहेरून येताना तीच डबी आणत. लिंगाप्पाच्या दुकानात माशा तेवढ्या नेमाने येत, आणि त्याही मंजनावर बसत नसत.

एका सकाळी नीलाबाईने हातातले मुसळ खाली ठेवले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी कुटायचं थांबवलं," ती म्हणाली.

"का गं?"

"मागच्या अमावास्येचं कुटलेलं अजून तसंच पडलंय. आपल्याला बोलता येत नाही, हे आता कबूल करा. तुम्ही गिऱ्हाइकाला माल दाखवता तेव्हा असा चेहरा करता की त्याला वाटतं, घरात कोणीतरी गेलंय. ज्याला बोलता येतं असा कोणीतरी बाहेरचा माणूस बघा."

तिने हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि त्याच्या ओंजळीत ठेवल्या. आईने दिलेल्या त्या पाटल्या. "ही त्याची बिदागी. एकदाच देते. चुकीचा माणूस आणलात, तर पुन्हा माझ्यापुढे हात करू नका, आणि हे उखळही मग तुळशीजवळ ठेवून त्यात झेंडू लावीन."

लिंगाप्पाने पाटल्या कमरेच्या कशात, म्हणजे पैशांच्या पिशवीत, बांधल्या. त्या दिवसापासून त्याला चालताना कोणीतरी कमरेला धरून ठेवल्यासारखे वाटू लागले.

आता, मंजनवाल्याला प्रसिद्धी करणारा माणूस हवा आहे ही वार्ता पेठेत पसरायला किती वेळ लागणार? पहिला आला तो रेशमी उपरणे घेतलेला एक गृहस्थ. स्वतःची ओळख त्याने 'कीर्तिभूषण' अशी करून दिली. हे नाव त्याला कोणी दिले, असे विचारण्याचा लिंगाप्पाला धीर झाला नाही. कीर्तिभूषणाने मंजनाची चिमूट हवेत धरली, डोळे मिटले, आणि दंतपंक्ती म्हणजे मुखमंदिराची दीपमाळ कशी, यावर असे काही बोलला की ऐकता ऐकता लिंगाप्पाची जीभ आपोआप स्वतःच्या दातांवरून फिरू लागली.

"आपण सांगू, की गेलेले दात परत येतात," कीर्तिभूषण म्हणाला.

"पण ते येत नाहीत."

"येतात असं मी कुठं म्हणतो? येतील असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे. वाटणं हा माझा प्रांत. येणं हा दातांचा."

दुसरा आला तो आवाजानेच आधी पोहोचला. मागे ढोल, ताशे, आणि उंच बांबूंवर चालणारा एक माणूस. याला लोक डंकाधीश म्हणत. "मालक, माणसं आणून देतो," तो ओरडला, कारण हळू बोलण्याची सवय त्याला राहिली नव्हती. "तुमच्या दारात अशी गर्दी करतो की तुम्हाला स्वतःच्या दुकानात शिरायला मागच्या दारानं जावं लागेल!" लिंगाप्पाने ती गर्दी डोळ्यांसमोर आणली आणि त्याला भरून आले.

तिसरी आली ती तुळसाक्का. नीलाबाईच्या माहेरची, लांबच्या नात्यातली. तिचा उद्योग स्थळे जुळवण्याचा. पंचक्रोशीतल्या कुठल्या घरात उपवर मुलगी आहे, कुठला मुलगा घोरतो, कुठल्या सासूची जीभ तिखट आहे आणि कुठल्या सुनेची त्याहून, हे सगळे तिला ठाऊक. आल्या आल्या तिने विचारले नाही, सांगितले नाही, सरळ मंजनाच्या बरणीत बोट घातले आणि ते हिरडीवर चोळले.

"अगं बाई गं!" ती किंचाळली आणि बाहेर जाऊन थुंकून आली. डोळे पुशीत म्हणाली, "दाजी, हे लोक पैसे देऊन घेतात?"

लिंगाप्पा दुखावला. "गुणाचं आहे."

"असेल. पण हे कोणाला नको असतं, ते सांगा आधी. ज्यांनी एकदा नेलं आणि परत आले नाहीत, ते कोण? ते का आले नाहीत?"

"परत न आलेल्यांशी माझा काय संबंध?"

"समोरचं गुलाबी लावून बघितलंत का कधी?"

लिंगाप्पा उठून उभा राहिला. "आक्का, तुम्ही पाहुण्या आहात. आत जाऊन ताक घ्या." तुळसाक्का आत गेली, ताक प्यायली, आणि तिथे नीलाबाईला तेच प्रश्न विचारू लागली. तिचा आवाज लिंगाप्पाला गादीवर ऐकू येत होता आणि प्रत्येक प्रश्नागणिक त्याची मान खाली जात होती. ही बाई नको, एवढे त्याचे तेवढ्यात ठरले. पण उरलेल्या दोघांत कोण? एकाला पाहिले की दुसरा आठवे. कमरेच्या पाटल्या जड होत चालल्या.

गावाबाहेरच्या टेकडीवर एक छोटा मठ होता. तिथे एक वृद्ध गुरुजी राहत. लिंगाप्पाने लहानपणी त्यांच्याजवळ अक्षरे गिरवली होती, आणि अडचण आली की टेकडी चढायची, ही सवय त्याला तेव्हापासून लागली होती. गुरुजींच्या मुखात एकही दात उरला नव्हता, त्यामुळे मंजनाच्या बाबतीत तरी त्यांचे मत निःपक्षपाती ठरेल, असेही त्याला वाटले.

मठाच्या पायऱ्यांवर गुरुजींचे गाढव उभे होते. त्याचे नाव स्थितप्रज्ञ. सुखदुःखाने, हाकेने किंवा काठीने त्याच्यात कसलाही पालट होत नसे. सकाळी नदीवरून पाणी आणायला ते आपल्या मनाने निघे, पण वाटेत एकदा उभे राहिले की राहिले. त्या दिवशी ते पायरीवर आडवे उभे होते. लिंगाप्पाने त्याला हटकले, ढकलले, चुचकारले, आणि शेवटी बाजूच्या निवडुंगातून अंग चोरत वर गेला.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुवारी बाजार भरतो ना?"

"भरतो."

"मग त्या तिघांनाही बाजारात बोलाव. मला माझं गाढव विकायचं आहे. प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं ते विकून दाखवावं."

लिंगाप्पाला वाटले, गुरुजींना नीट ऐकू आले नसावे. "गुरुजी, मी मंजनाबद्दल विचारत होतो."

"मी ऐकलं. मी गाढवाबद्दल बोलतो आहे."

"आणि तिघांना? ती तुळसाक्का कशाला?"

"ती आली होती ना? मग तिलाही," गुरुजी म्हणाले आणि जपाला बसले. त्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. लिंगाप्पा पुन्हा निवडुंगातून खाली उतरला.

गुरुवारी भल्या पहाटे निघालेले स्थितप्रज्ञ बाजार चांगला भरल्यावर तिथे पोहोचले आणि कापडवाले व गूळवाले यांच्या मधोमध, त्याला योग्य वाटले त्या जागी, उभे राहिले. गुरुजी जवळच्या पिंपळाच्या पारावर बसले. त्यांच्याशेजारी लिंगाप्पा.

प्रथम कीर्तिभूषण पुढे झाला. त्याने गाढवाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो लोकांकडे पाहत राहिला, माणसे हळूहळू थांबू लागली, आणि मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "गाढव पाहायला आला असाल, तर मंडळी, पुढं चला. इथं गाढव नाही."

लोक आणखी जवळ आले.

"इथं तपश्चर्या उभी आहे! ऋषितुल्य पुरुषाच्या सहवासात हा वाढला. याच्या पाठीवरून वाहिलेलं पाणी नित्य देवाच्या मस्तकी पडलं. याच्या मनाचा थांग नाही, याची गती म्हणजे वायूची गती! ज्याच्या दारात हा उभा राहील, त्याचं दार सोडून लक्ष्मी कुठं जाईल?"

एका धोब्याने विचारले, "ओझं किती नेतं?"

कीर्तिभूषणाने त्याच्याकडे दुःखाने पाहिले. "राजहंसाला कोणी विचारतं का, बाबा, ओझं किती नेतोस?" धोबी शरमून मागे सरला.

लिंगाप्पा ऐकत होता. आपल्या दुकानाच्या दारात हे देखणे जनावर उभे आहे, त्याच्यामागे लक्ष्मी उभी आहे, तिच्यामागे गिऱ्हाइकांची रांग, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे तरळू लागले. गाढव देखणे आहे हे आजवर आपल्या ध्यानात कसे आले नाही? कान तर किती डौलदार! तेवढ्यात एका तेल्याने किंमत पुकारली. लक्ष्मी तेल्याच्या दारात निघाली की काय! तेल्याने किंमत वाढवायला तोंड उघडले मात्र, लिंगाप्पा पारावरून उठला, गर्दीत घुसला, कमरेचा कसा सोडला आणि ओरडला, "माझं! माझं गाढव! या घ्या पाटल्या!"

त्याने पाटल्या आणून गुरुजींच्या हातात ठेवल्या. गुरुजींनी त्या शालीच्या टोकात बांधल्या.

लिंगाप्पाने अभिमानाने दावे हातात घेतले आणि चालू लागला. दावे ताणले गेले. तो थांबला, त्याने गोड आवाजात हाक मारली, पुन्हा ओढले. स्थितप्रज्ञाने डोळे मिटले. लिंगाप्पाने मागून जाऊन खांदा लावला. टाचा रोवून रेटा दिला, आणि तो स्वतःच घसरून गुळाच्या ढेपांवर जाऊन बसला. बाजार हसू लागला. तेव्हा कुठे त्याला आठवले, की या गाढवाला आपण ओळखतो. अंगावरचे निवडुंगाचे ओरखडे अजून बुजले नव्हते.

तो कीर्तिभूषणाकडे धावला. "तुम्ही म्हणालात, याची गती वायूची!"

"म्हणालो."

"हे तर हलतही नाही!"

"वारा पडलेला असतो, तेव्हा तो हलतो का?" कीर्तिभूषण शांतपणे म्हणाला. "असो. गाढव विकलं गेलं, हे तुम्ही मान्य कराल. माझी बिदागी?"

पारावरून तुळसाक्काचा आवाज आला, "अगं बाई, त्या पाटल्या आपल्या नीलाच्या की काय?" लिंगाप्पाला गुळाखाली गाडून घ्यावेसे वाटले.

"हा सौदा तूर्त राहू दे," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्याची पाळी."

डंकाधीशाने हात वर केला मात्र, ढोल गरजले, ताशे तडतडले, बांबूंवरचा माणूस गर्दीच्या डोक्यांवरून गिरक्या घेऊ लागला. सारा बाजार तिकडे लोटला. भाजीवाल्या टोपल्या सोडून आल्या. न्हाव्याच्या पुढ्यातून अर्धी दाढी झालेला एक इसम उठून आला. एवढी गर्दी गावाने जत्रेलाही पाहिली नव्हती. लोक टाळ्या पिटत होते, शिट्या घालत होते, आणि त्या कल्लोळाच्या बरोबर मध्यभागी, ढोलापासून हातभर अंतरावर, स्थितप्रज्ञ कान न हलवता उभे होते.

खेळ संपला. लोक घाम पुशीत पांगू लागले. डंकाधीश विजयी मुद्रेने पाराकडे पाहत होता.

"काय विकायला होतं रे?" एकाने दुसऱ्याला विचारले.

"ढोल असतील."

आणि खरोखरच एक पाटील पुढे येऊन ढोलाची किंमत विचारू लागला. आणखी एका बाईला तो उंच बांबू माळवदावर धुणे वाळत घालायला हवा होता. गाढवाबद्दल कोणीच विचारले नाही. डंकाधीशाने पाटलाला ढोल विकून टाकला आणि तो खुशीत निघून गेला.

आता तुळसाक्का पारावरून उतरली. तिने पदर खोचला आणि आधी ती गिऱ्हाइकाकडे नव्हे, गुरुजींकडे वळली.

"गुरुजी, राग मानू नका. हे का विकताय?"

"चालत नाही म्हणून."

"अजिबात?"

"मनात आलं तर चालतं. एकदा थांबलं की मग त्याला हलवणं माझ्या हाती नाही."

"चावतं का? लाथ मारतं?"

"कधीच नाही."

"बुजतं?"

"ते तू आत्ता पाहिलंस."

"पाहिलं खरं," ती म्हणाली. तिने गाढवाभोवती फेरी मारली. त्याच्या कानाशी टाळी वाजवली, पोटाला चिमटा काढला, शेपटी ओढली. एखाद्या नवऱ्या मुलाला पारखावे तसे तिने त्याला खालवर न्याहाळले, आणि ती बाजारात निघून गेली.

"गेली!" लिंगाप्पा म्हणाला. "हिला जमणार नाही हे मी आधीच ओळखलं होतं." गुरुजींनी त्याच्याकडे नुसते पाहिले. लिंगाप्पाला एकदम गुळाच्या ढेपा आठवल्या आणि तो पारावर मागे सरकून बसला.

थोड्या वेळाने तुळसाक्का परत आली ती एका कुंभारणीला हाताला धरून. कुंभारणीच्या दुसऱ्या हातात फुटक्या मडक्याचा कान होता आणि ती तावातावाने बोलत होती. बोलण्याचा सारांश असा, की तिचे गाढव फार चपळ. मडकी पाठीवर असतानाच ते समोर कोथिंबीर दिसली की धावे, कुत्रे भुंकले की उधळे, लग्नाची वाजंत्री ऐकली की नाचे. बाजारात माल विकला जाण्याआधी निम्मा फुटून जाई.

"हे बघ बाई," तुळसाक्का तिला म्हणाली, "आधी वाईट ऐकून घे. हे गाढव चालण्यात शून्य आहे. रस्त्यात थांबलं, तर तिथंच शिदोरी सोडून जेवायला बसायची तयारी ठेव. घाईच्या माणसानं हे घेऊ नये. तुझं घर कुठं?"

"हे काय, बाजाराच्या मागंच."

"म्हणून तर तुझ्याकडे आले. याचा गुण एवढाच, की हे उभं राहतं. मगाशी याच्या कानाशी ढोल वाजत होते. खोटं वाटत असेल तर मडकी चढव आणि बघ."

कुंभारणीने बिचकत मडकी चढवली. तुळसाक्काने शेजारच्या कुत्र्याला दगड मारून भुंकायला लावले. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी गाढवाच्या नाकासमोर धरली. स्थितप्रज्ञाने कोथिंबीर खाल्ली, पण त्यासाठी पाऊल टाकण्याचे कष्ट घेतले नाहीत. मडक्यावर मडके वाजले नाही. कुंभारणीच्या डोळ्यांत पाणी आले. "असं जनावर असतं होय जगात!" ती म्हणाली. तिने घासाघीस केली ती केवळ रीत म्हणून. गुरुजींना पैसे मिळाले, आणि तिने लगेच तिथेच, गाढवाच्या शेजारी, आपले दुकान मांडले. ते हलणार नाही, आता हिला हलायची गरज नाही!

बाजार उठू लागला होता. गुरुजींनी शालीची गाठ सोडली आणि पाटल्या लिंगाप्पाच्या हातात ठेवल्या.

"कळलं, गुरुजी," लिंगाप्पा खालच्या मानेने म्हणाला. "खरं बोलणाऱ्याला निवडावं."

"खरं बोलणारे पुष्कळ आहेत," गुरुजी म्हणाले. "मठात रोज कोणी ना कोणी येऊन माझ्या तोंडावर खरं बोलून जातो. त्यानं काही विकलं जात नाही. मी सांगतो ते नीट ऐक. कीर्तिभूषणानं गाढव पाहिलं नाही, त्यानं तुला पाहिलं. तुला काय हवंसं वाटतं ते त्यानं तुझ्याच दुकानात बसून हेरलं होतं. डंकाधीशाला गर्दी आणता येते, म्हणून त्यानं गर्दी आणली. गाढवाऐवजी हत्ती असता तरी त्यानं तेच केलं असतं. दोघंही आपल्या कामात निपुण आहेत. पण लिंगाप्पा, बिदागी तुझ्या कमरेला होती. त्या दोघांचं गिऱ्हाईक बाजारात नव्हतंच. ते तू होतास. ते तुला भुलवू शकले, म्हणून तुला वाटलं, ते जगाला भुलवतील. या बाईनं मात्र तुला खूश करण्याचा एकदाही प्रयत्न केला नाही. म्हणूनच ती तुला नकोशी झाली."

लिंगाप्पा उठला, आणि गुडघ्यावरचा गूळ झटकत तुळसाक्काजवळ गेला. "आक्का," तो म्हणाला, "त्या परत न आलेल्या गिऱ्हाइकांबद्दल तुम्ही विचारत होतात."

येथे गोष्ट संपावी असे कोणालाही वाटेल. पण समज येणे निराळे आणि ती अंगी मुरणे निराळे. तुळसाक्काने बिदागीच्या पाटल्या घेऊन काम सुरू केले, आणि पहिल्याच बाजारी लिंगाप्पाच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. ही बाई दुकानासमोर उभी राहून आलेली माणसे समोरच्या गुलाबी दुकानात पाठवू लागली! "तुम्हाला वास हवाय ना? मग तिकडे जा. लेकरासाठी हवंय? तिकडेच जा."

"आक्का, माझी बिदागी घेऊन त्याचं गिऱ्हाईक वाढवता?"

"मग ज्यांना गोड हवं त्यांच्या तोंडात तुमचं हे घालू? ते गावभर थुंकत फिरतील आणि थुंकताना तुमचं नाव घेतील. मी लग्नं जुळवते, दाजी. नको तिथं दिलेली मुलगी परत येते, आणि एकटी येत नाही. बदनामी घेऊन येते."

दुपारी ती मंजनाच्या पुड्या पदरात घेऊन बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे दात उपटणारा आपली पकड घेऊन बसे. त्याच्यापुढे गाल सुजलेल्या, जबडा धरलेल्या माणसांची ओळ नेहमी असायची. तुळसाक्का त्या ओळीत जाऊन बसली. कोणाचा दात किडलाय, कोणाच्या हिरड्या सुजल्या आहेत, कोण तंबाखू खातो, हे एकेकाला खोदून विचारू लागली. "तुमचा दात गेलेला आहे, तुम्ही काढूनच घ्या," असे एकाला सांगितले. दुसऱ्याला म्हणाली, "तुमच्या नुसत्या हिरड्या सुजल्या आहेत. हे लावा. कडू आहे, आधीच सांगते. डोळ्यांतून पाणी येईल, तोंड काळं होईल, घरचे हसतील. आठवडाभर सोसा. नाही बरं वाटलं, तर हा पकडवाला कुठं पळून जात नाही." पकडवाला प्रथम तिच्या अंगावर धावून आला. पण ज्यांचे दात काढण्यासारखे होते त्यांना ती त्याच्याचकडे बसवून ठेवते, पळू देत नाही, हे पाहिल्यावर त्याने तिला बसायला पोते दिले.

पुढचे काही बाजार गेले. वेदनेने कळवळलेली माणसे कडू मंजनाला नावे ठेवत नाहीत, हे लिंगाप्पाच्या लक्षात आले. ती माणसे परत येऊ लागली, येताना आपला मेव्हणा, शेजारी, सासरा यांना घेऊन येऊ लागली. झुंबड अशी कधी झाली नाही. समोरच्या गुलाबी दुकानापुढे तेव्हा कीर्तिभूषणाचे भाषण आणि डंकाधीशाचे नवे ढोल दोन्ही चालू असत. ते ऐकून लिंगाप्पाचा पाय एकदा उंबऱ्याबाहेर पडलाही होता, पण नीलाबाईने आतून नुसते खाकरताच तो परत गादीवर आला. उखळ मात्र रोज वाजू लागले.

एके दिवशी दुसऱ्या गावचा एक सधन गृहस्थ दुकानात आला. घरी लग्न होते. "तुमच्या मंजनाची ख्याती ऐकली," तो बसता बसता म्हणाला. "वऱ्हाडातल्या प्रत्येकाला एकेक डबी भेट द्यायची आहे. दुकानात आहे नाही ते सगळं बांधा."

आत उखळाचा आवाज थांबला. नीलाबाई ऐकत होती. लिंगाप्पाच्या वर्षभराच्या विवंचना या एका वाक्याने मिटण्यासारख्या होत्या. त्याचा हात बरणीकडे गेला. मग तिथेच थबकला.

"वऱ्हाडात कोण कोण आहे?" त्याने विचारले.

"कोण म्हणजे? लेकरंबाळं, नटलेल्या पोरी, हौशी जावई."

लिंगाप्पाने हात मागे घेतला. "तर मग समोर जा," तो म्हणाला. हे शब्द उच्चारताना त्याला जेवढा त्रास झाला तेवढा त्याचे मंजन लावतानाही कोणाला झाला नसेल. "गुलाबी आहे, गोड आहे, डबीवर मोर आहे. लग्नात तेच शोभेल. माझं मंजन लावून सगळं वऱ्हाड हसलं, तर नवरी मांडवातून पळेल."

गृहस्थ मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याचा हात चटकन डाव्या गालावर गेला. लिंगाप्पाने ते पाहिले. आल्यापासून हा माणूस त्याच बाजूला मान कलती करून बोलत होता, तेही त्याने पाहिले होते.

"आणि तुमचं काय?" लिंगाप्पाने हळूच विचारले. "कधीपासून दुखतंय?"

गृहस्थ चकित झाला. ही गोष्ट त्याने घरीही कोणाला सांगितली नव्हती. लग्नघाईत सांगायला वेळ कुठे होता? तो गादीवर जरा पुढे सरकून बसला, आणि सांगू लागला. लिंगाप्पा मान हलवत, मधून मधून एखादा प्रश्न विचारत, ऐकत राहिला.

आत उखळ पुन्हा वाजू लागले.

आपल्या मालाचे गोडवे गाणारा माणूस आपल्या दारी आला, तर त्याला आदराने पाणी द्यावे, आणि आपल्या मालाच्या उणिवा विचारणारा आला, तर त्याला बसायला आसन द्यावे.